दलदलीतल्या जंगलाचा श्वास

फिनलंडमध्ये लाकडाचं उत्पादन वाढावं म्हणून, विशेषतः १९६० आणि १९७० च्या दशकांत, चर खणून दलदलींतलं पाणी काढलं गेलं. देशातल्या निम्म्याहून अधिक दलदलींचा असा निचरा झाला. पाण्याखाली हजारो वर्षं अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींच्या थराला, म्हणजे पीटला, मग हवा लागते आणि कार्बन डायऑक्साइड सुटू लागतो.

तो मोजायचा कसा? जमिनीत कडं रोवून त्यावर अपारदर्शक डबा बसवतात आणि आत वायू किती वेगानं वाढतो ते पाहतात. पण झाडांची मुळंही श्वास सोडतात, आणि मोजायचा असतो तो फक्त पीटचा! म्हणून कड्याभोवती खोल चर पाडून मुळं तोडतात, पालापाचोळा उचलतात. तुटलेली मुळं पुढे कुजतात, त्यांचा हिशेब वेगळा वजा करायचा. या कामाचा खरा कस इथेच लागतो, असं मला वाटतं.

मोजायचे वायू आणखी दोन आहेत. मिथेन निचऱ्यानंतर जमिनीतून घटतो, चरांतल्या पाण्यातून मात्र निघत राहतो. सुपीक पीटमधून नायट्रस ऑक्साइडही सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा. बर्फ वितळताना तो अचानक उसळू शकतो. म्हणून नुसत्या उन्हाळी मोजणीवर भागत नाही. हिवाळ्यात बर्फाच्या थरातूनही नमुने घ्यावे लागतात.