पाण्याचा भाव आणि डॉलरचा भाव

नळाचे पाणी गावचे, पण कर्ज परक्या चलनातले असले म्हणजे काय होते, ते आपण मनिला शहरात पाहू.

१९९७ साली फिलिपिन्सच्या या राजधानीचा पाणीपुरवठा दोन खाजगी कंपन्यांकडे गेला. सल्ला जागतिक बँकेच्या गटातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाचा. या महामंडळाने पुढे पूर्व विभागाच्या कंपनीचे भागही घेतले! सोयरीक जुळविणारा मध्यस्थच वरपक्षात जाऊन बसावा, तसे हे झाले. दरवाढीच्या वेळी त्याने कोणाची बाजू घ्यावी?

घनमीटरला पावणेनऊ पेसोंचा दर होता. बोली आल्या २.३२ आणि ४.९६ पेसोंच्या. इतकी स्वस्ताई आम्हांस नेहमीच संशयास्पद वाटते. सरकारी संस्थेच्या जुन्या विदेशी कर्जाचा सुमारे ९० टक्के भार पश्चिम विभागाच्या कंपनीवर टाकला होता. त्याच वर्षी पेसो कोसळू लागला. डॉलरला २६ पेसो पडत, ते १९९८ मध्ये ४० च्या वर गेले. डॉलरमधले कर्ज तेवढेच, पेसोंतला हप्ता मात्र दीडपट! २००१ साली कंपनीने सरकारी संस्थेचे शुल्क थकविले. त्याच वर्षी करार बदलून विनिमयाची तूट ग्राहकांच्या बिलात घालण्याची मुभाही मिळविली. २००२ अखेर तिने करार सोडण्याची नोटीस दिली. २००५ साली तिचे बहुतेक भाग सरकारी संस्थेलाच पदरात घ्यावे लागले.