गोरसी, गोठा आणि बंद दार
(भिलाई परिसरातील मराठी भाषक कुटुंबांसमोर दिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा पाठ)



भिलाईच्या वसाहतींत आणि उतई-पाटणकडील गावांत पौषाच्या रात्री पारा 10 अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली उतरतो. उत्तरेकडील लोकांना ही थंडी किरकोळ वाटेल. परंतु आपली घरे उन्हाळ्याच्या हिशेबाने बांधलेली आहेत. त्यामुळे या दिवसांत माणसे आणि जनावरे उबेसाठी एकमेकांच्या जवळ येतात. वासरू पडवीत येते, कुत्रा उंबऱ्याच्या आत, मांजर अंथरुणात. या जवळिकीत गैर काही नाही. मात्र हिवाळ्यातील दोन जीवघेण्या धोक्यांविषयी आपण सावध असले पाहिजे.

पहिला धोका गोरसीचा. मातीच्या या शेगडीत गोवऱ्या किंवा कोळसा पेटवून सारे घर अंगणात शेकत बसते, तोवर चिंता नाही. रात्री धूर ओसरतो, निखारा लाल होतो आणि ‘आता धूर नाही’ असे म्हणून गोरसी खोलीत नेली जाते. दार-खिडक्या लावल्या जातात. घात होतो तो येथेच. धूर दिसेनासा झाला तरी धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतच राहतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा तो 200 हून अधिक पटींनी घट्ट धरून बसतो. झोपलेल्या माणसास काही कळण्यापूर्वीच शुद्ध हरपते.

भिलाईकरांना या वायूचे नाव नवे नाही. जून 2014 मध्ये येथील पोलाद कारखान्यात वायुगळती होऊन सहा जण दगावले, तो हाच वायू. कारखान्यात त्याची मोजणी करणारी यंत्रे असतात. झोपण्याच्या खोलीत इशारा देणारे काहीच नसते. म्हणून लक्षणे ओळखावीत : डोके जड होणे, मळमळ, चक्कर, अनावर गुंगी. घरातील दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि मोकळ्या हवेत येताच उतरले, तर ती सर्दी समजू नये. पाळीव प्राणीही याच हवेत श्वास घेतात. ब्रिटनमधील कोळसा खाणींत हा वायू ओळखण्यासाठी 1986 पर्यंत कॅनरी पक्षी ठेवीत असत. घरातील मांजर वा पक्षी अकारण लडखडू लागल्यास तो इशाराच मानावा, परंतु अशा इशाऱ्याची वाट पाहत बसू नये. शंका येताच दारे उघडून सर्वांना बाहेर काढावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

झोपण्यापूर्वी गोरसी घराबाहेर गेलीच पाहिजे. गोठ्यासही हाच नियम लागू आहे. तेथे तर पैऱ्याला, म्हणजे भाताच्या पेंढ्याला, ठिणगी लागण्याचे भय अधिक. जनावरांना उबेसाठी विस्तव लागत नाही. कोरड्या पैऱ्याचा जाड थर, वाऱ्याच्या बाजूस पोत्यांचा पडदा आणि वासराच्या पाठीवर तागाची झूल पुरेशी होते. झूल दवाने भिजली तर मात्र काढून टाकावी. ओली झूल नसलेलीच बरी.

दुसरा धोका चाव्याचा. याच महिन्यांत गल्लोगल्ली कुत्र्या वितात, आणि पिल्लांजवळ कोणी गेले की एरवी गरीब असलेली आईही अंगावर येते. पौष पौर्णिमेला छेरछेरा असतो. मुले धान मागत दारोदार फिरतात, वळचणीला पिल्लू दिसले की उचलून घेतात. त्याचा लहानसा दात लागला, तर रागे भरतील म्हणून घरी सांगत नाहीत. इवल्याशा पिल्लापासून काय होणार, हा समज खोटा आहे. पिल्लासही रेबीज असू शकतो. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी सहसा वाचत नाही.

चावा असो वा रक्त आलेला ओरखडा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी. घड्याळ लावूनच धुवावी, कारण घाबरलेल्या माणसास दोन मिनिटेही पंधरा वाटतात. हळद, तिखट, चुना काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात यावे. पोटात 14 सुया टोचण्याची जुनी लस आपल्या देशात 2004 नंतर बनत नाही. आता लस दंडात देतात आणि सरकारी रुग्णालयात ती विनामूल्य मिळते. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस शून्य (पहिल्या मात्रेचा दिवस), मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा असे मोजतात. जखम बरी दिसली तरी शेवटची मात्रा चुकवू नये. जखम खोल असल्यास जखमेतच आणखी एक औषध टोचावे लागते. ते डॉक्टर ठरवतील. घरच्या कुत्र्यास तीन महिन्यांचा झाल्यावर पशुवैद्यकीय दवाखान्यात लस टोचून घ्यावी, पुढे दरवर्षी.

छेरछेऱ्याच्या आदल्या संध्याकाळी गल्लीत कोठे कुत्री व्यायली आहे ते पाहून घ्या, आणि सकाळी मुले पिशव्या घेऊन निघतील तेव्हा ती जागा त्यांना दाखवून ठेवा. कोणास काही चावले तर घरी रागावणार नाही, हेही त्याच वेळी सांगा.