चिऊचं नाव कुठल्या शाळेत घालायचं?

आज पाहुणा कुणी नाही, मी एकटाच आहे आणि विषय घरचाच आहे.

माझी धाकटी बहीण कुरुंदवाडजवळच्या नदीकाठच्या एका गावात दिली आहे. तिची चिऊ यंदा पहिलीत जाणार. मे महिन्यात बहिणीचा फोन आला, "दादा, दिवसभर मोबाईलवरच असतोस न्हवं? मग जरा बघून सांग की, गावातली शाळा बरी का कुरुंदवाडातली?" दोन्ही सरकारी, दोन्ही मराठी माध्यमाच्या. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम.

तुम्हालाही करता येईल म्हणून सांगतो. प्रत्येक शाळेला ११ आकडी यूडायस नंबर असतो. आपल्याकडचा २७३४ नं सुरू होतो, २७ महाराष्ट्राचे आणि ३४ कोल्हापूर जिल्ह्याचे. यूडायस प्लसच्या 'नो युवर स्कूल' पानावर तो टाकला की पट, शिक्षक, खोल्या, पाणी, संडास, सगळं समोर येतं. गावच्या शाळेत पहिली ते चौथी मिळून २१ मुलं आणि दोन शिक्षक. कुरुंदवाडच्या शाळेत १२४ मुलं, चार शिक्षक. शिक्षण हक्क कायदा म्हणतो, प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि १२१ च्या पुढं पाच. म्हणजे कागदावर गावची शाळा पास, कुरुंदवाडची एका शिक्षकानं नापास. मी बहिणीला लगेच कळवून टाकलं, गावातच घाल.

ती म्हणाली, "तू आत जाऊन बघितलास का?"

नव्हतं बघितलं. आकडे गेल्या वर्षीचे होते, पण माणसं तीच होती. म्हणून जून उजाडल्यावर, शाळा भरल्या भरल्या, दोन्हीकडं एकेक सकाळ घालवली. चिऊचं नाव तोवर कुठंच घातलं नव्हतं.

दोन शिक्षकांना चार वर्ग म्हणजे काय, ते गावच्या शाळेत कळलं. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. त्या दिवशी एक मॅडम मतदार यादीच्या कामाला गेल्या होत्या. म्हणजे सगळी शाळा एका गुरुजींवर. दहा मुलांना एक शिक्षक हे जे प्रमाण मोबाईलवर दिसलं होतं, ते त्या सकाळी तिथं नव्हतंच. कुरुंदवाडात वर्ग गच्च भरलेले, पण प्रत्येक वर्गाला स्वतःच्या बाई किंवा सर.

म्हणजे निकाल उलटा? थांबा.

'असर' नावाची पाहणी २००५ पासून होते, ती मुलांना घरी जाऊन वाचायला देते. आधी अक्षर, मग शब्द, मग छोटा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. ती जिल्ह्याचा अंदाज देते, तुमच्या शाळेचा नाही. म्हणून गुरुजींना विचारून मी तोच क्रम स्वतः लावून बघितला. गावात तिसरीच्या चारही मुलांनी गोष्ट वाचली. गुरुजी वाचनाच्या तासाला इयत्ता बघतच नाहीत. ज्याला जेवढं येतं त्या घोळक्यात तो बसतो, आणि चौथीची एक मुलगी पहिलीच्या पोरांना शब्द वाचून दाखवत होती. कुरुंदवाडात पुढच्या रांगेतल्या मुलांनी घडाघडा वाचलं. मागच्या रांगेतली दोघं शब्दावर अडकली आणि माझ्याकडं बघून हसायला लागली. ते हसू मला चांगलंच माहीत आहे. मी पण मागच्याच रांगेतला.

आणखी एक गोष्ट. गावच्या शाळेच्या रकान्यात 'वाचनालय : आहे' असं लिहिलंय. आहे, पण २०१९ च्या पुरात निम्मी पुस्तकं गेली, उरलेल्यांतली काही २०२१ ला. कपाट अजून आहे. कुरुंदवाडची शाळा उंचावर, तिथं पाणी येत नाही, म्हणून मग पूर आला की पूरग्रस्त तिथंच राहायला येतात आणि वर्ग तिथंही बंद! वर्षाला २०० दिवस शाळा भरली पाहिजे असा कायदा आहे. पंचगंगा आणि कृष्णेला तो कुणी वाचून दाखवलेला नाही.

पटाचंही तसंच. तो मोजतात ३० सप्टेंबरला. ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात दसरा-दिवाळीच्या पुढं. त्यांची पोरं हंगामभर गावच्या शाळेत बसतात, पण त्या तारखेच्या आकड्यात ती नसतात.

आणि हा आकडा हलका नाही. २०२३ मध्ये सरकारनं २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार मांडला. तेव्हा राज्यात अशा शाळा निघाल्या १४,७८३. आता गावच्या शाळेचा हिशोब करा. २१ मधली चार मुलं चौथी संपवून बाहेर पडली. पहिलीत दोन नावं आली. झाले १९. चिऊ आली तर २०.

मी हे बहिणीला सांगितलं. जरा चिडलीच. "म्हणजे शाळा टिकवायची जबाबदारी माझ्या सहा वर्षांच्या पोरीवर व्हय?" मला उत्तर देता आलं नाही, कारण तिचं बरोबर आहे. पण तिनं तिकडं नाव घातलं तर त्या गुरुजींच्या खोलीचं काय होणार, हेही खोटं नाही.

शेवटी मी मला जे वाटतं ते सांगितलं : पहिली-दुसरीला गावात घाल, वाचन पक्कं होईल, पुढचं पुढं बघू.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि त्या गुरुजींची बदली कधी हाय?"

ते कुठल्याच पानावर नाही. उद्या जाऊन विचारणार आहे.