पाठमोरा माणूस आणि गाढवाची गोष्ट
(हीरक महोत्सवी समारंभात केलेले भाषण)



बाप, मुलगा आणि गाढव ही गोष्ट आपण सर्वांनी याच शाळेत ऐकली. तिचे तात्पर्य फळ्यावर लिहिले जाई: ऐकावे जनाचे, करावे मनाचे. आमच्या वर्गातील एका मुलाने मात्र विचारले होते, "गुरुजी, त्या गाढवाला काय वाटले असेल?" सारा वर्ग हसला, मीही हसलो. पुढे त्या मुलाने वर्गात क्वचितच हात वर केला.

त्या हसण्याची आठवण मला अनेक वर्षांनी एका चित्राची प्रतिकृती पाहताना झाली. हिशेब तपासणीचा व्यवसाय करीत चित्रे काढणारे आणि १९६२ पासून अखेरपर्यंत आपल्या बडोद्यात राहिलेले भूपेन खख्खर यांनी ते १९८१ साली रंगविले. नाव 'यू कान्ट प्लीज ऑल', म्हणजेच 'सर्वांना खूश करता येत नाही'. मूळ चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे.

सज्जात एक विवस्त्र, पाठमोरा माणूस उभा आहे. समोर गाव पसरले आहे आणि तेथे आपलीच गोष्ट चालली आहे. जुन्या लघुचित्रांतल्याप्रमाणे तेच बाप, मुलगा आणि गाढव एकाच चित्रात पुन्हा पुन्हा भेटतात. पाठमोरा माणूस म्हणजे स्वतः चित्रकारच, असे मानले जाते. परंतु व्यक्तिचित्रात आपण जो चेहरा शोधतो, तोच येथे आपल्याकडे वळलेला नाही. हा माणूस गावाला हसतो आहे, की गावाला भितो आहे? सज्जा घराचाही आहे आणि रस्त्याचाही. मग तो आत परतेल, की असाच लोकांसमोर उभा राहील?

खख्खर समलिंगी होते. ते सत्य त्यांनी या चित्रातून जगासमोर मांडले, असे अभ्यासक म्हणतात. हे कळल्यावर त्या विवस्त्रतेत मला निर्लज्जपणा दिसेना. लपविण्याचे ओझे उतरवून ठेवणे दिसू लागले. 'करावे मनाचे' हे फळ्यावर लिहिणे सोपे असते; त्याची किंमत मोजणाऱ्या माणसाची ही पाठ आहे. तरीही हाच एकमेव अर्थ, असे मी म्हणणार नाही. चित्रकाराने चेहरा दाखविला असता, तर आपण उत्तर वाचून पुढे गेलो असतो. तो दाखविला नाही, म्हणून आपण थांबतो आणि आपल्याच मनातले भय किंवा धैर्य त्या पाठीवर वाचू लागतो.

पालकहो, आपले मूल एखाद्या चित्रापुढे थांबले, तर त्याला तात्पर्य सांगण्याची घाई करू नका. "तुला काय दिसते?" एवढेच विचारा. उत्तर विचित्र वाटले, तरी हसू नका. त्या दिवशी आमच्या वर्गात गोष्ट खऱ्या अर्थाने एकट्या त्या मुलाने पाहिली होती. तो आज या सभागृहात असेल, तर माझे हे भाषण त्याच्या प्रश्नाला उशिरा दिलेली दाद आहे.