मोबाइलवरची रात्रशाळा कुणाची?

(खोपट, ठाणे इथं कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मला बोलावलं कवी म्हणून, पण आज कविता वाचणार नाही. मी गोदीत हमाली करतो. शिक्षण दहावी, आपली म्हातारी माणसं अजून त्याला मॅट्रिकच म्हणतात. विषय दिलाय तो मोबाइल-कॉम्प्युटरवरच्या शिक्षणाचा आणि कामगाराला त्याचा उपयोग काय याचा. उपयोग आहे, हे आधीच सांगून टाकतो. नुसत्या शिव्या घालायला मी आलेलो नाही.

इथं खोपटला एसटीचा डेपो आहे. ड्रायव्हर-कंडक्टरला कधी पहाटेची गाडी, कधी मुक्कामाची. या माणसाला कुणी म्हणालं, रोज संध्याकाळी सहाला वर्गात येऊन बस, तर तो कसा येणार? आपल्या शिक्षणाच्या आड जात आली, पैसा आला, तशी पाळीही आली. पाळीबद्दल कुणी बोलत नाही.

आपल्या माणसांना हे केव्हाच कळलं होतं. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. बाबासाहेबांनी १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडलं आणि नोकरी करणाऱ्या पोरांना जमावं म्हणून वर्ग सकाळी भरवले. १९८९ ला नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं, कामावरचा माणूस घरी पुस्तकं वाचून पदवीधर व्हायला लागला. २०१७ ला केंद्र सरकारनं 'स्वयम्' सुरू केलं, कॉलेजचे अभ्यासक्रम इंटरनेटवर आले. तेव्हा ऑनलाइन शिक्षण हे रात्रशाळेचंच नातवंड आहे. ते आपलं आहे. शेटजींच्या पोरांसाठी सोडून द्यायचं कारण नाही.

आता माझ्या कामावर येतो. १४ एप्रिल १९४४. बाबासाहेबांचा जन्मदिवस, आणि ते तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागली. जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १४०० टन दारूगोळा. असा माल असला की लाल बावटा लावायचा असतो. तो लावलेला नव्हता. दुपारी चारनंतर दोन स्फोट झाले. शेकडो माणसं मेली. विझवायला गेलेले ६६ बंबवाले मेले. म्हणून देशात १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात.

जुनी गोष्ट म्हणाल, तर ४ ऑगस्ट २०२० घ्या. लेबनॉन देशातलं बैरूत बंदर. गोदामात २७५० टन अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं पडून. आग विझवायला गेलेल्यांना आत काय आहे ते सांगितलेलं नव्हतं. दोनशेच्या वर माणसं गेली.

दोन्हीकडं माणसं मेली ती समोर काय आहे ते माहीत नसल्यामुळं. आणि हे ज्ञान काही अवघड नाही. धोक्याच्या मालाचे जगभर नऊ वर्ग ठरलेत. कंटेनरवर टोकावर उभा केलेला चौकोन असतो, खालच्या कोपऱ्यात वर्गाचा आकडा. नारिंगी रंग आणि आकडा १ म्हणजे स्फोटक. लाल आणि ३ म्हणजे पेट घेणारं द्रव. पिवळ्यावर ५.१ म्हणजे आग भडकवणारा माल. बैरूतचं नायट्रेट यातलंच. दहा मिनिटांचा धडा आहे. मराठीत करा, चित्रं घाला, मोबाइलवर द्या. पोरगं ठाण्याहून मशीदबंदरला उतरेपर्यंत तीनदा बघेल.

वर्गात 'समजलं नाही' म्हणून हात वर केला की साहेब आडनाव बघतो. मोबाइलवरचा धडा तोंड वाकडं करत नाही. मागं घ्या, पुन्हा ऐका, थांबवून वहीत लिहा. क्रेनचं शिक्षण सिम्युलेटरवर दिलं, तर शिकाऊ माणसाच्या हातून पडद्यावरचाच डबा पडतो, खाली कुणाचं डोकं नसतं. हे फायदे खरे आहेत.

मग बिघडतं कुठं? आमच्या ठेकेदारानं व्हॉट्सअॅपवर सुरक्षेचा व्हिडिओ पाठवला. सगळा इंग्रजीत. खाली दहा प्रश्न. डेटा आमचा, वेळ आमचा, तोही पाळी संपल्यावर. शेवटी मुकादमाच्या ऑफिसातल्या पोरानं साऱ्या टोळीची उत्तरं एका बैठकीत भरली. महिन्याभरात डबे बांधताना एकाची दोन बोटं चिरडली. चौकशीत ठेकेदारानं फाइल काढली: हा बघा, प्रशिक्षित कामगार. चूक त्याचीच.

एकलव्य मातीच्या पुतळ्यासमोर शिकला, आणि द्रोणानं त्याचा अंगठा कापून घेतला. आजचा द्रोण अंगठा शाबूत ठेवतो. त्याच अंगठ्यानं 'मला समजलं' असं दाबून घेतो आणि स्वतः मोकळा होतो.

दुसरी गोष्ट साधनांची. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकड्यांप्रमाणं देशातल्या १०.७ टक्के घरांत कॉम्प्युटर होता आणि २३.८ टक्के घरांत इंटरनेटची सोय. त्यावर २०२० साली शाळा बंद झाल्या आणि सांगितलं, ऑनलाइन शिका. त्यानंतर मोबाइल वाढले, पण एका खोलीत एक मोबाइल आणि शिकणारे चौघं, हे अजून आपल्या वस्तीत दिसतं. बापाचा धडा आणि पोरीचा अभ्यास यांत भांडण लागलं तर पोरीचा अभ्यास मागं पडतो. हे चालणार नाही.

म्हणून युनियननं मागायच्या गोष्टी चार. प्रशिक्षणाचा वेळ हा कामाचा वेळ, त्याची मजुरी मिळाली पाहिजे. धडा कामगाराच्या भाषेत पाहिजे. पडद्यावर शिकवा, पण परीक्षा धक्क्यावर घ्या, हातात साखळी देऊन. साखळी किती ताणली हे हाताला कळावं लागतं. आणि जो पास होईल त्याचा पगार वाढला पाहिजे. सर्टिफिकेट मालकाच्या बचावासाठी असेल तर ते मालकानंच भिंतीला लावावं.

पाचवी गोष्ट कुणाकडं मागायची नाही, आपणच करायची. विहारात एक पडदा आणि एक इंटरनेटचं कनेक्शन. वर्गणी काढली तर जमेल. एकट्यानं बघितलेला धडा मनात राहतो की नाही सांगता येत नाही. दहा जणांनी बघून त्यावर वाद घातला तर राहतो. आयाबायांनीही यायचं; गोदामात, कारखान्यात त्यांचेही हात आहेत.

येत्या रविवारी पाळी नसेल त्यांनी दहा वाजता विहारात या. वही आणा. पहिला धडा त्या नऊ खुणांचा, तो मी घेईन. दुसरा कोण घेणार ते तिथंच ठरवू.

जयभीम.