मुंबई ते कराची : अंतर किती, वेळ किती?



मी भूगोलाचा पंडित नव्हे. शाळा अर्धवट सुटली. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतील कपाटातल्या पुस्तकांवर. त्यामुळे विषयही साधाच घेतला आहे. मुंबईहून कराचीला विमानाने जावयाचे तर अंतर किती आणि वेळ किती?

सरळ रेषेत अंतर सुमारे ८८० किलोमीटर. म्हणजे आपल्याला दिल्लीपेक्षा कराची जवळ! जेट विमानाला दीड तास पुष्कळ झाला. कागदावरचा हिशेब इतकाच.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून सकाळी निघाले. वाटेत अहमदाबादला उतरले. तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. तरीही दुपारी ते जुहूच्या मैदानावर पोहोचले. तेव्हा परक्याचे राज्य होते, पण वाट मोकळी होती. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराचीची जुनी सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या आपल्या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते.

पुढे फाळणी झाली, युद्धे झाली. तरी अधूनमधून विमाने चालू असत. मुंबई-कराची थेट विमान २०१७ साली बंद पडले. एप्रिल २०२५ मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाशही बंद केले. ज्याच्यापाशी पैसा आहे आणि ज्याला परवाना मिळाला, त्याला दुबईचा वळसा. मुंबई-दुबई सुमारे १९०० किलोमीटर, दुबई-कराची सुमारे १२००. दीड तासाच्या जागी नुसते विमानातच पाच तास, विमानतळावरचे ताटकळणे वेगळे.

पण मला बोलावयाचे आहे ते विमानात कधीच न बसलेल्या माणसाबद्दल. आपल्या पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण गुजरातच्या ओखा-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. सर क्रीकपाशी समुद्रातली हद्द अजून ठरलेली नाही. पाण्यावर काही कुंपण नसते, मासळी हद्द ओळखत नाही आणि जाळे मासळीमागे जाते. तिकडचे गस्ती जहाज बोट पकडते, खलाशी कराचीच्या तुरुंगात जातात. तिकडच्या कोळ्यांचीही आपल्याकडे हीच गत होते, हेही सांगितले पाहिजे.

शिक्षा बहुधा काही महिन्यांची. ती संपते, पण माणूस सुटत नाही. आधी नागरिकत्वाची खातरजमा, मग दोन सरकारांचा मूड. कित्येकांची अशीच वर्षे गेली. सुटला तरी आजवरचा रस्ता कोणता? कराचीहून लाहोर सुमारे १२०० किलोमीटर, मग वाघा-अटारी, अमृतसर, आणि तेथून मुंबईकडे आणखी सुमारे १९०० किलोमीटर. तुरुंगात मेलेल्याचे प्रेतही कित्येकदा महिन्याने घरी येते.

मालकाची बोट गेली तर तो कागदपत्रे घेऊन सरकारदारी उभा राहू शकतो. खलाशाची मजुरी मात्र बोट धरली त्याच दिवशी थांबते. घरी बायको दुसऱ्याच्या शेतावर जाते आणि मुलाची शाळा सुटते.

२००८ च्या करारानुसार दोन्ही सरकारे दर १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. शिक्षा पुरी झालेल्यांची खातरजमा त्या यादीबरोबरच ठराविक मुदतीत करावी, एवढी आमची मागणी आहे. ह्याला नवे विमान लागत नाही, नवा तहही लागत नाही. सभा संपल्यावर दाराशी निवेदनाचा कागद ठेवला आहे. वाचून पटले तरच सही करा.