वैद्य, रुग्ण आणि न्यायालय



आजचा आमचा विषय वसंतऋतूला शोभणारा नाही. बाहेर मोगरा फुललेला असताना इस्पितळ, मृत्यू आणि कोर्टकचेरी यांच्या गोष्टी ऐकायला आपण इतक्या संख्येने आलात, यावरून या विषयाची झळ किती घरांना लागली असेल याची कल्पना येते.

वैद्याला देव मानण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. रोगी दगावला की त्याच देवाच्या दवाखान्याच्या काचा फोडायच्या, ही चाल मात्र नवी. ती इतकी बोकाळली की २०१० साली महाराष्ट्राला वैद्यकीय सेवकांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तसे पाहिले तर या दोन्ही चाली सख्ख्या बहिणी आहेत. ज्याला आपण देव केले, त्याला माणसासारखे चुकण्याची मुभा उरत नाही, आणि माणसासारखा जाबही त्याला विचारता येत नाही. जाब विचारण्याची सभ्य वाट न्यायालयातून जाते. ती वाट कशी आहे, किती लांब आहे आणि तिच्या शेवटी काय हाती लागते, एवढेच आज पाहू.

यासाठी आम्हांस दूर जाण्याचे कारण नाही. या देशात वैद्यकीय निष्काळजीपणाचा कोणताही खटला उभा राहिला की ज्या निकालाचे नाव हटकून निघते, तो निकाल आपल्या पुण्यातल्या घटनेचा आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या वाळूत एका वीस वर्षांच्या तरुणाला अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावच्या डॉक्टरांनी फळ्या बांधल्या, वेदना शमवण्यासाठी मॉर्फियाची सुई दिली. पुढे त्याला मोटारीने पुण्याला आणले. सुमारे दोनशे मैलांचा रस्ता, अकरा तासांचा प्रवास! ९ मे रोजी दुपारी सव्वादोनला तो येथील एका खासगी इस्पितळात दाखल झाला. वडील स्वतः डॉक्टर होते. मॉर्फियाच्या दोन सुया तासाच्या अंतराने द्याव्यात असे शल्यवैद्यांनी सांगितले होते. प्रत्यक्षात एकच दिली गेली. क्ष-किरण चित्रे काढली, पाय प्लास्टरमध्ये बसवला. सातपर्यंत गुंगी उतरेल असे आश्वासन मिळाल्यावर वडील दौंडला परतले, आई खोलीत थांबली. साडेसहाच्या सुमारास मुलाला श्वास घेणे जड जाते आहे असे तिच्या ध्यानात आले. नऊ वाजता तो गेला.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले होते, ते असे की चरबीचा कण रक्तात शिरून रक्तप्रवाह अडला. आईवडिलांचे म्हणणे निराळे होते. पूर्ण भूल न देता, तीन मदतनिसांकडून पाय जोराने ओढवून हाड बसवले आणि त्या धक्क्याने मुलगा गेला, असे त्यांनी दाव्यात मांडले. शल्यवैद्यांचे उत्तर असे की हाड बसवण्याचे काम पुढे ढकलून आपण केवळ पाय स्थिर केला होता. खालच्या न्यायालयाने आईवडिलांचे म्हणणे मान्य करून तीन हजार रुपये भरपाई दिली. मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. तेथून शल्यवैद्य सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि मे १९६८ मध्ये त्यांचे अपील फेटाळले गेले. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले’ या नावाने नोंदला आहे.

तीन हजार रुपये आणि पंधरा वर्षे! हा हिशेब मांडला की कोणीही म्हणेल, हा तर आतबट्ट्याचा व्यवहार. परंतु दोनदा हरलेला पक्ष तीन हजारांसाठी दिल्लीपर्यंत जात नसतो, हेही उघड आहे. त्या रकमेमागे एका बाजूला धंद्यातील नावलौकिक होता आणि दुसऱ्या बाजूला एका संध्याकाळचे सत्य. असे दावे बहुधा अशाच गोष्टींसाठी लढले जातात.

त्या निकालाने देशाला जे दिले ते तीन वाक्यांत सांगता येईल. रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरवताना वैद्याने काळजी घेतली पाहिजे. कोणता उपचार करावा हे ठरवताना काळजी घेतली पाहिजे. आणि ठरलेला उपचार करतानाही काळजी घेतली पाहिजे. ही काळजी केवढी? तर अत्युच्च कोटीची नव्हे आणि अगदी हलक्या प्रतीचीही नव्हे. त्या परिस्थितीत वाजवी असेल तेवढी. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. वैद्याने यश दिलेच पाहिजे असे कायदा कोठेही म्हणत नाही. रोगी दगावला एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. दोन मान्य उपचारांपैकी एक वैद्याने निवडला आणि तो फसला, तरी तो दोषी ठरत नाही. आपल्या दुःखाचे माप आणि त्याच्या चुकीचे माप ही दोन वेगळी मापे आहेत, आणि दावा लावण्यापूर्वी प्रत्येकाने हा फरक स्वतःच्या मनाशी करून पाहिला पाहिजे.

उलट, काही चुका अशा असतात की त्या स्वतःच बोलतात. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी इस्पितळात एका बाळंतिणीवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आणि तिच्या पोटात कापडाचा बोळा राहून गेला. पंधरवडाही लोटला नाही तो ती गेली. खालच्या न्यायालयाने छत्तीस हजार रुपये भरपाई दिली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली. अखेर ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा दिली, आणि इस्पितळ चालवणे हे काही राज्याचे सार्वभौम कर्तव्य नव्हे, तेव्हा सरकारलाही भरपाई चुकवता येणार नाही, असे बजावले. येथे पोटातला बोळा हाच साक्षीदार होता. पण घटनेपासून निकालापर्यंत तेहतीस वर्षे गेली. आईचे बोट धरून चालण्याच्या वयाची मुले तोवर संसाराला लागतात.

ही दिरंगाई पाहूनच लोकांनी ग्राहक कायद्याचे दार ठोठावले. १९८६ चा तो कायदा डॉक्टरांना लागू होतो की नाही यावर मोठा वाद झाला. डॉक्टरांच्या संघटनेचे म्हणणे असे की रोगी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे आणि दवाखाना म्हणजे दुकान नव्हे. नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा या कायद्याखाली येते. जेथे सर्वांनाच सेवा मोफत मिळते ते इस्पितळ येत नाही. परंतु काहींकडून शुल्क घेऊन गरिबांना मोफत उपचार देणारे येते, आणि तेथील मोफत रोग्यालाही दाद मागता येते. आता २०१९ चा नवा कायदा लागू आहे. त्याप्रमाणे तक्रार आपण राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे करता येते, मात्र ती कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत केली पाहिजे.

आणखी दोन दारे आहेत. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केल्यास डॉक्टरची नोंदणी स्थगित होऊ शकते, परंतु तेथे पैसे मिळत नाहीत. फौजदारीचे दार सर्वांत अरुंद आहे, आणि ते तसेच असावे असे आमचे मत आहे. २००५ साली जेकब मॅथ्यू यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की साधी चूक गुन्हा ठरत नाही, त्यासाठी निष्काळजीपणा ढळढळीत असावा लागतो. आणि तज्ज्ञाचे निःपक्षपाती मत घेतल्याशिवाय डॉक्टरवर कारवाई करू नये. शल्यवैद्याने सुरी हाती घेताना तुरुंगाचे दार डोळ्यांपुढे आणले, तर अवघड रोगी हाती घ्यायला कोणी धजणार नाही. मग नुकसान कोणाचे? तुमचे आमचेच.

मग सामान्य माणसाने करावे काय? पहिली गोष्ट, कागद. उपचारांचे सर्व कागद मागण्याचा रोग्याला हक्क आहे. २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने ते तीन वर्षे जपले पाहिजेत आणि मागितल्यावर बहात्तर तासांत दिले पाहिजेत. संतापाच्या भरात आपण आरडाओरडा करतो आणि कागद मागायचे विसरतो. न्यायालयात मात्र आरडाओरडा पुरावा म्हणून चालत नाही. दुसरी गोष्ट, ते कागद घेऊन वकिलाच्या आधी दुसऱ्या जाणत्या डॉक्टरकडे जावे आणि विचारावे, ‘यात काही चुकले आहे काय?’ तो ‘नाही’ म्हणाला तर ते ऐकण्याचे धैर्य आपल्यात हवे. तिसरी, खर्चाच्या भीतीने घरी बसू नये. १९८७ च्या विधिसेवा कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि ठरावीक मर्यादेखालील उत्पन्न असणाऱ्यांना मोफत वकील मिळतो.

आता आमच्या डॉक्टरमित्रांना चार शब्द. या सभागृहात ते पुष्कळ दिसताहेत, आणि त्यांच्या कपाळावर थोड्या आठ्याही दिसताहेत. मित्रहो, लोक कोर्टात जातात ते बहुधा रोगी गेला म्हणून नव्हे, तर त्यानंतर त्यांच्याशी कोणी बोलले नाही म्हणून, असा आमचा समज आहे. काय घडले, कशाने घडले, हे खोलीबाहेर उभ्या असलेल्या आईला बसवून कोणी सांगितले, तर कित्येक वकिलांचा धंदा बसेल. आणि जेथे खरोखर चुकले असेल, तेथे आपल्याच धंद्यातील बंधूविरुद्ध मत देण्यास पुढे यावे. धंद्यातील बंधुभाव चांगला. परंतु साक्षीच्या पिंजऱ्यात तो रोग्याच्या मुळावर येतो.

दाव्याने गेलेला माणूस परत येत नाही, हे दावा लावणाराही जाणतो. पण १९५३ मधल्या त्या एका संध्याकाळी काय झाले, हे विचारण्याचा हट्ट दोन माणसांनी सोडला नाही, म्हणून रोगी हाती घेताना, उपचार ठरवताना आणि उपचार करताना वैद्य काय बांधील आहे, हे आज सबंध देशाला ठाऊक आहे. त्या तीन हजारांत तुम्हा आम्हा सर्वांचा वाटा आहे.